घरीच गळणारी गाडी

त्या घरात दाराची कडी रोज चार वेळा लागत असे. म्हणजे लागत एकदाच. पण ती नीट लागली आहे ना, हे चौघं जण आपापल्या हातानं आणि दुसऱ्याच्या नकळत पाहून येत. बाबांनी कडी लावायची, दादानं पाणी प्यायला उठून ती ओढून बघायची, वहिनीनं दिवा मालवता मालवता पुन्हा बघायची, आणि धाकटी माहेरी राहिली असेल तर तिनं सगळ्यांनंतर. कुणाचा कुणावर अविश्वास होता असं नाही. विश्वास पुरेपूर होता, फक्त खात्री नव्हती. एकदा या काळजीच्या गर्दीत दादा अंगणात असतानाच कडी लागली आणि त्याला ट्रकच्या केबिनमध्ये झोपावं लागलं. सकाळी त्यानं कुणाला बोल लावला नाही. कडी पक्की लागते, एवढं तर कळलं, असं तो म्हणाला.

ट्रक अंगणातच उभा असे. घरात त्याला गाडी म्हणत आणि घरातल्या एका चिडक्या आत्याचा मान तिला देत. ती दादाहून लहान आणि वहिनीच्या लग्नाहून मोठी होती. आधी बाबांनी चालवली, मग दादानं. धाकटी तिच्यावर चालवायला शिकली नाही, उघडायला शिकली. पुढं तिनं वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं. पदवीची चौकट कॉम्प्रेसरच्या वर लावली होती, कारण खिळा तिथंच होता. नवं गिऱ्हाईक आलं की आधी तिच्याकडं बघे, मग चौकटीकडं बघे आणि विचारी, "मिस्त्री कुठं गेले?"

"आहेत की," असं म्हणून धाकटी गाडीखाली शिरे. गिऱ्हाइकानं बाकीचं संभाषण तिच्या चपलांशी करायचं.

तर ही आत्याबाई गेले काही महिने गळत होती. दादा माल घेऊन परगावी जाई, घाट चढे, घाट उतरे, चार-चार दिवस मुक्काम करी. खाली एक थेंब नाही. घरी आली की मात्र सकाळी पुढच्या बंपरखाली पाण्याचं थारोळं.

"बाहेर शहाण्यासारखी वागते आणि घरी येऊन रडते," बाबा म्हणाले. "हिला आपल्याकडं काय कमी आहे?"

"बाबा, माहेरी येऊन रडलं की बरं वाटतं," वहिनी म्हणाली. "माझं माहेर लांब आहे म्हणून तुम्हाला माहीत नाही."

धाकटीनं रेडिएटरचे रबरी होज बदलले. क्लिपा बदलल्या. वॉटर पंप नवा बसवला. इंजिनच्या पाण्याच्या टाकीचं झाकण बदललं. प्रत्येक वेळी तिनं हात पुसत "आता नाही गळणार" असं सांगितलं आणि प्रत्येक वेळी गाडीनं तिला सकाळपर्यंत खोटं पाडलं. शेवटी दादानं तिला न सांगता गाडी शहराबाहेरच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथं काचेची भिंत होती, थंडगार हवा होती, सोफा होता आणि सोफ्यासमोर मासे होते. पांढऱ्या शर्टातला इंजिनियर बाहेर आला आणि शेजाऱ्याच्या नाक वाहणाऱ्या पोराकडं बघावं तसा गाडीकडं बघत उभा राहिला. हात लावला नाही. गाडीनं तेवढ्यात त्यांच्या चकचकीत फरशीवर भळकन पाणी ओतलं. वर मागच्या सायलेन्सरातून पांढरा धूरही सोडला. इंजिनियर दोन पावलं मागं सरकून म्हणाला, "हेड गॅस्केट गेलंय. हेडही गेलं असेल. या वयात हिच्यावर काही करू नका."

दादानं ते ऐकलं आणि घरी येताना सगळं ठरवून टाकलं. गाडी भंगारात. स्वतः लांबच्या शहरात एका कंपनीत ड्रायव्हर. कंपनीचं क्वार्टर मिळणार होतं. वहिनी आणि बाबा अर्थातच बरोबर. कंपनीनं फोन करून गणवेशासाठी मापंही मागितली. शर्टाचं झालं, बुटाचं झालं. टोपीसाठी डोक्याचं माप हवं होतं. ते उद्या सांगतो, असं दादा म्हणाला.

"तिकडं अंगण आहे का?" बाबांनी विचारलं.

"पार्किंग आहे."

बाबा उठून बाहेर गेले आणि गाडीच्या चाकाला पाठ टेकून पेपर वाचत बसले. पेपर कालचा होता.

धाकटीला हे समजलं तेव्हा ती ग्रीसचे हात तसेच घेऊन आली. रोज गॅरेज बंद केलं की ती गल्लीच्या टोकावरून या अंगणात यायची, चहा घ्यायची, दोन-चार जणांची उणीदुणी काढायची आणि मग आपल्या घरी जायची. नवरा म्हणायचा, तुझी दिवसाची किल्ली तिथं उतरते. हे तिघं निघून गेले तर ही गल्ली राहणार, चहाही कुठंतरी मिळणार. पण यायचं कुणाकडं? हे ती कुणाला म्हणाली नाही. ती दादाला म्हणाली, "गॅस्केट कोण म्हणालं?"

"इंजिनियर."

"इंजिन उघडून?"

"लांबून."

"दादा, लांबून तर मीही तुला हिरो म्हणेन."

"हे बघ धाकटे, तू झालं ते सगळं केलंस. अर्धी गाडी नवी झाली, गळती जुनीच आहे. उद्या दुपारी भंगारवाला यायचाय. संध्याकाळी कंपनीला टोपी कळवायचीय. गॅस्केट गेलेली गाडी भरल्या मालासकट घाटात उकळली, तर मागं लागलेली रांग मला शिव्या घालणार, तुला नाही."

"उद्या दुपारपर्यंत गाडी माझी. मी सांगते काय आहे ते."

"मला 'बहुतेक' नको हं. मला नक्की काय ते पाहिजे."

"बहुतेक मी ठेवतच नाही," धाकटी म्हणाली. "चालत नाही ते आपल्या गल्लीत."

आजवरची तिची चूक तिला तेवढ्यातच कळली होती. घरची गाडी म्हणून ती भाग बदलत सुटली होती. परक्याची असती तर आधी तपासली असती.

तिनं इंजिन थंड असताना पाण्याच्या टाकीचं झाकण काढलं, त्या जागी हातपंप बसवला आणि पाण्यात हवेचा दाब भरला. पंपावरच्या घड्याळाचा काटा वर गेला. कुठंही बारीकसं छिद्र असेल, तर काटा खाली येतो आणि छिद्रातून पाणी बाहेर येतं. यात मत नावाचा प्रकार नसतो. वहिनीनं चहा आणला. चहा संपला. बाबांनी आपल्या तरुणपणी पंप नव्हते तेव्हा गळती कशी शोधत, ही गोष्ट सांगितली. तीही संपली, जे सहसा होत नाही. काटा होता तिथंच होता.

"अडकला असेल," दादा म्हणाला.

धाकटीनं पंपाचा खटका दाबला. फुस्स करून काटा खाली पडला. "नाही अडकलेला. गप्प बसलेला आहे. तूही बस."

मग तिनं इंजिन सुरू करून निळ्या द्रावणाची नळी टाकीच्या तोंडावर धरली. गॅस्केट फाटलं असेल, तर इंजिनचा जळका वायू पाण्यात घुसतो आणि हे द्रावण पिवळं पडतं. ते निळंच्या निळं राहिलं. दादानं ते उजेडात धरून पाहिलं, सावलीत धरून पाहिलं, वहिनीला दाखवलं. वहिनी म्हणाली, "अशी साडी आहे माझी." पिवळं कुणालाच दिसलं नाही.

"आणि तो पांढरा धूर?" दादानं विचारलं.

"सकाळी किती वाजता गेला होतास?"

"उजाडता उजाडता."

"थंडीत तुझ्या तोंडातूनही निघतो. तुझं गॅस्केट गेलंय का?"

टाकी प्लॅस्टिकची होती आणि इतक्या वर्षांत चहाच्या गाळणीसारखी काळपट झाली होती. आतलं पाणी बाहेरून दिसत नसे. वरच्या खुणेची रेघ तर कधीच पुसली गेली होती. धाकटीनं मोडक्या छत्रीची एक काडी आणली, गॅरेजमधल्या तशाच टाकीवरून माप घेतलं आणि काडीवर वहिनीच्या नेलपॉलिशनं लाल रेघ ओढली. पाणी बरोबर त्या रेघेपर्यंत ठेवलं. दादाच्या ओळखीच्या फरशीवाल्याकडून फरशा भरल्या आणि दोघं गाडी घेऊन गावाबाहेरच्या चढावर गेली. दोनदा चढली, दोनदा उतरली. तापमानाचा काटा मधोमध. दादा सारखा काट्याकडं बघत होता, धाकटी खिडकीबाहेर.

संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर तिनं एकटीनं काडी बुडवली. पाणी लाल रेघेवर. खाली अंगण कोरडं. काडी तिनं सीटमागं लपवली; मोजमाप संपेपर्यंत घरच्यांना काही कळू द्यायचं नाही, हा तिचा नियम होता. निघताना सवयीनं तिचा हात फाटकामागच्या पाण्याच्या कॅनकडं गेला. मग मोजमाप चालू असल्याचं तिला आठवलं आणि तिनं हात मागं घेतला.

सकाळी ती आली, बॉनेट उघडलं, काडी बुडवली आणि बाहेर काढून पाहत राहिली. पुसून पुन्हा बुडवली. पाणी लाल रेघेच्या चांगलं पेरभर वर होतं.

गाडीनं रात्रीतून पाणी गमावलं नव्हतं. कमावलं होतं.

धाकटीनं फाटलेली गॅस्केटं पाहिली होती, गंजलेले पंप पाहिले होते, उंदरांनी खाल्लेले होज पाहिले होते. पण उभ्या जागी पाणी पिकवणारं इंजिन तिनं पाहिलं नव्हतं. तिनं टाकीत टॉर्च मारला. इंजिन गार ठेवणारा कूलंट हिरवागार असतो; हा तिसऱ्यांदा उकळलेल्या चहापत्तीसारखा फिका होता. त्यात कडेला गुलाबाची एक पाकळी तरंगत होती. धाकटीनं मान वळवून अंगणातल्या गुलाबाकडं पाहिलं. गुलाबाच्या कुंडीपाशी झारी होती. झारीखालची फरशी ओली होती आणि तिथून थेंबांची एक रांग गाडीच्या पुढच्या चाकापर्यंत आली होती.

तिनं पाकळी खिशात घातली, बॉनेट लावलं आणि स्वयंपाकघरात गेली. बाबा चहा पीत होते, दादा चपलेचा पट्टा दुरुस्त करत होता, वहिनी कणीक मळत होती. गाडीत पाणी कोण घालतं, असं सरळ विचारलं असतं, तर तिघांनी एकमेकांकडं बघितलं असतं. या घरात काळजी करणं हे ज्याचं त्यानं गुपचूप करायचं काम होतं. म्हणून ती दारातूनच खेकसली, "आज गाडीत पाणी घालायला विसरलात ना सगळे?"

"मी कशाला विसरू?" बाबा कप ठेवत म्हणाले. "उठल्या उठल्या घातलं."

"मी पण घातलं!" वहिनी म्हणाली. "झाडांना घालता घालता."

"अरे, मी काल झोपायच्या आधीच भरून ठेवलं होतं," दादा म्हणाला.

वहिनीचे हात कणकेत थांबले. तिघांनी एकमेकांकडं बघितलं.

"तुम्ही घालता?" दादानं बाबांना विचारलं.

"तू विसरशील म्हणून."

"मी तुम्हाला वाकायला लागू नये म्हणून घालत होतो!"

"आणि मी," वहिनी हळूच म्हणाली, "तुम्ही दोघंही विसराल म्हणून."

धाकटीनं पाट ओढला आणि बसली. "नीट ऐका. पाणी तापलं की फुगतं. त्या टाकीत वरची जागा रिकामी दिसते ना, ती फुगलेल्या पाण्यासाठी राखून ठेवलेली असते. तुम्ही तिघं ती थोडी थोडी भरता. गाडी तापते, पाणी फुगतं, जागा नाही म्हटल्यावर नळीवाटे खाली सांडतं. अंगणात आल्यावर इंजिन बंद करता तेव्हा तर आणखी उसळतं. सकाळी थारोळं दिसलं की तुम्ही घाबरता आणि पुन्हा भरता. दादा परगावी एकटा असतो, जास्तीचं पाणी वाटेतच सांडून गेलेलं असतं, मुक्कामाला खाली कोरडं दिसतं, म्हणून तो हात लावत नाही. म्हणून तिकडं गळत नाही. त्या इंजिनियरच्या फरशीवर पाणी ओतलं ते हेच. घरून गळ्यापर्यंत पाजून नेली होती तुम्ही तिला."

"पण टाकी रिकामी ठेवायची?" बाबांना हे पटेना. "चांगलं दिसतं का ते?"

"बाबा, ती टाकी आहे, धान्याची कणगी नाही."

"म्हणजे गाडीला काही झालेलंच नाही?" दादानं विचारलं.

"झालंय ना. तिला तीन माणसं झालीत."

बाबांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. ते बराच वेळ काहीतरी जुळवत होते. ते आता जुळलं. "तीन?" ते म्हणाले. "फाटकामागं कॅन कुणाचा आहे गं?"

धाकटीनं खिडकीतून फाटकाकडं पाहिलं.

"रोज संध्याकाळी निघताना बॉनेटचा आवाज येतो," बाबा पुढं म्हणाले. "मला वाटायचं, मिस्त्री आहे, तपासून जाते."

धाकटीनं सगळे होज, सगळ्या क्लिपा आणि नवा पंप डोळ्यांसमोर आणला. प्रत्येक भाग बदलल्यावर, गळती थांबते की नाही हे बघायच्या आधी, तिनं स्वतःच्या हातानं कॅनमधलं पाणी टाकीच्या गळ्यापर्यंत ओतलं होतं. काळजी म्हणून.

"चार," ती म्हणाली. "चौघं आहोत आपण."

वहिनी आधी हसली. मग कणकेच्या हातानं तोंड झाकायला गेली आणि नाकाला कणीक लागली, तेव्हा बाकीचेही हसले. दादा मात्र लवकर थांबला. त्याच्या डोक्यात घाट होता. "हे सगळं खरं," तो म्हणाला, "पण चढ वेगळा आणि घाट वेगळा. मला नक्की पाहिजे होतं, धाकटे."

"मग चल. घाटात जाऊ. फरशा आहेतच भरलेल्या."

तेवढ्यात भंगारवाला आला. दुपारी यायचा होता, पण तो धंद्यात मुरलेला होता. लोकांचा विचार बदलण्याच्या आत पोचायचं, हे त्याचं तंत्र. त्यानं चाकाला एक लाथ घातली, बॉनेटवर बुक्की मारली आणि दोन्ही आवाज न आवडल्यासारखं तोंड केलं.

"काका, बसा," धाकटीनं केबिनचं दार उघडलं. "घाटात जाऊन येऊ. उकळली तर वरूनच तोडायला घेऊन जा."

"मला बाकीची कामं आहेत, ताई."

"आहेत ना. मधे बसा."

तिनं काडी बुडवून पाणी रेघेवर आणलं, सगळ्यांना दाखवलं आणि टाकीचं झाकण स्वतः घट्ट केलं. कुणाचा हात पुढं आला नाही. बाबांचा येऊ लागला होता, तो त्यांनी खिशात घातला. दादा गाडी चालवायला, भंगारवाला मधे आणि धाकटी खिडकीशी, असे तिघं निघाले.

घाट चढायला लागल्यावर दादा एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर ठेवून चालवत होता. भंगारवाल्याचे दोन्ही डोळे काट्यावर होते. त्याचा त्यात धंदा होता. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. इंजिन आत्याबाईसारखं कुरकुरत होतं, पण कुरकुरत चढत होतं. धाकटीनं खिडकीबाहेर कोपर काढलं आणि दरी बघत राहिली. कुणी पाहिलं असतं, तर म्हणालं असतं, ही बाई सहलीला निघाली आहे. ती तसंच बसायचं ठरवून बसली होती. घाट तिनं कधी सावकाश पाहिलाच नव्हता. दर वेळी कुठल्या तरी गाडीखालून पाहिला होता.

माथ्यावर दादानं गाडी कडेला घेतली. काटा मधोमध. तो उतरला, वाकला, खाली पाहिलं. कोरडं. दुसऱ्या बाजूनं जाऊन वाकला. तिकडूनही कोरडं. मग भंगारवाला वाकला.

"अजून कुणाला बघायचंय?" धाकटीनं वरून विचारलं. "वाटेत वाहनं थांबवू का?"

दादा उभा राहिला. त्यानं बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला म्हणून उचलला आणि पुन्हा ठेवला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कंपनीचा माणूस होता. आज सगळ्यांच्या टोप्या शिवायला द्यायच्या होत्या, तुमच्या डोक्याचं माप तेवढं राहिलंय, असं तो म्हणत होता.

दादानं धाकटीकडं पाहिलं. "नक्की?" त्यानं विचारलं.

"नक्की," ती म्हणाली.

"साहेब," दादा फोनमध्ये म्हणाला, "माझं डोकं टोपीत मावत नाही. शर्ट आणि बूट कुणाला तरी देऊन टाका." आणि त्यानं फोन खिशात ठेवला.

भंगारवाला अजून गाडीभोवती फिरत होता. आता त्यानं चाकाला लाथ घातली ती निराळ्या नजरेनं. "ही मी तोडणार नाही," तो म्हणाला, जणू आग्रह त्यालाच होत होता. "पण माझा माल घाटापलीकडं जातो. दर आठवड्याला. ज्यांना सांगतो ते घाट म्हटलं की पाठ दाखवतात. तुम्ही न्याल का?"

"वाटेत पाणी घालायला नाही ना लागायचं?" दादानं धाकटीला विचारलं.

"घातलंस तर तुझा हात मोडेन."

परत आल्यावर बाबांना काही सांगावं लागलं नाही. कंपनीची टोपी गेली, हे दादा उतरला त्या उडीवरूनच त्यांना कळलं. ते गाडीच्या चाकाला टेकून बसले आणि पेपर उघडला. आजचा होता.

धाकटीनं गॅरेजमधून एक पट्टी आणून बॉनेटला कडी जोडली आणि त्यात कुलूप घातलं. किल्ली एक, ती तिच्या कमरेला. दर आठवड्याला पाणी ती एकटी बघणार, काडीनं, लाल रेघेपर्यंत. झारी गुलाबापाशी, कॅन गॅरेजमध्ये. हे सगळं तिनं चौघांना समजावून सांगितलं, म्हणजे तिघांना आणि स्वतःला.

त्या संध्याकाळी चहाच्या वेळी वहिनी कपडे काढायला म्हणून अंगणात गेली आणि येता येता कुलूप ओढून आली. थोड्या वेळानं दादाला गाडीत काहीतरी राहिल्याचं आठवलं. तो रिकाम्या हातानं परत आला. बाबा तर उघड उघड गेले. धाकटी खिडकीतून तिघांना बघत होती. कुलपाला ओढल्यानं काही होत नाही. पाणी फुगायची जागा तशीच राहते.

मग ती निघाली. फाटकापाशी तिचा हात कॅन शोधायला गेला, कॅन नव्हता. ती तशीच वळून गाडीपाशी आली आणि कुलूप एकदा ओढून पाहिलं.

पक्कं लागलं होतं.